पाचव्या मजल्यावरची माणसं

ख्रिस्ती मंडळीत पाळकाचं, म्हणजे धर्मगुरूचं, काम पत्करण्याआधी आमच्या ह्यांनी सोळा वर्षं शाळेत गणित शिकवलं. गणिताच्या माणसाला मोजल्याशिवाय चैन पडत नाही. रविवारी उपासना संपून मंडळी जिना उतरायच्या आत ह्यांच्या डोक्यात आकडा तयार असायचा. आज सव्वीस, गेल्या रविवारी एकोणतीस. तिसाच्या खाली आकडा गेला की घरी जेवताना भाजीत मीठ आहे की नाही हेसुद्धा त्यांना कळत नसे. दहा वर्षांत मला त्याची सवय झाली होती.

आमची मंडळी एका टायरच्या दुकानाच्या वरच्या हॉलमध्ये जमायची. जिन्यापासूनच रबराचा वास यायचा. प्रार्थना जरा लांबली की खालचं हवा भरायचं मशीन फुस्स करायचं, आणि मागच्या रांगेतलं कुणीतरी हळूच म्हणायचं, दुकानदाराने आमेन म्हटलं बरं का.

त्या वर्षी मुख्य कार्यालयातून पत्र आलं. जिथं तीसपेक्षा कमी माणसं जमतात ती ठिकाणं मोठ्या मंडळीत सामील करायची, आणि त्याआधी अध्यक्ष स्वतः येऊन पाहणी करणार. आमच्याकडे ते शनिवारी सकाळी दहाला येणार होते. पत्र वाचल्यापासून ह्यांची झोप उडाली. दहा वर्षांच्या घरभेटींच्या वह्या काढून ठेवल्या, खिडक्या पुसल्या, आणि बुधवारी संध्याकाळी आम्ही दोघं हॉलमधल्या चाळीस खुर्च्यांतल्या दहा काढून खालच्या पडवीत नेऊन ठेवत होतो. का, ते आम्ही एकमेकांना सांगितलं नाही. तीस खुर्च्यांत सव्वीस माणसं म्हणजे हॉल भरलेला दिसतो, हे हिशेबाचं साधं गणित होतं. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, हे कळत असूनही आम्ही पोहरा घासत होतो.

तेवढ्यात पानेवाला आला.

पानेवाला म्हणजे लिफ्ट दुरुस्त करणारा मेकॅनिक. पस्तिशीचा, अंगानं काटक, बोलणं मोजकं. सात महिन्यांपूर्वी तो खालच्या दुकानात काहीतरी कामाला आला होता. आमचा पंखा करकरतोय हे त्याला खालून ऐकू गेलं, ते त्याला सहन झालं नाही, आणि भर उपदेशात तो पाना घेऊन वर आला आणि खुर्चीवर चढला. पंखा गप्प झाला, पण हा गेला नाही. दाराजवळच्या खुर्चीवर बसून राहिला. पुढच्या रविवारी पुन्हा आला. तो गीतं गायचा नाही, प्रार्थनेला डोळे मिटायचा नाही, पण एकही रविवार चुकवायचा नाही. त्याची थोरली बहीण माझ्याकडून शिलाईचं काम घरी न्यायची, त्यामुळे ते भाऊबहीण दोघंच असतात एवढं मला ठाऊक होतं.

बुधवारी तो दारात उभा राहिला. म्हणाला, एक विचारायचं होतं. ह्यांच्या दोन्ही हातांत खुर्च्या होत्या. विचार की, हे म्हणाले.

"अजून घडलीच नाही अशा गोष्टीची माफी मिळते का?"

ह्यांनी पुस्तकातलं उत्तर दिलं. माफी सगळ्याची मिळते, पश्चात्ताप मात्र खरा हवा. मग म्हणाले, शनिवार एकदाचा पार पडू दे, रविवारी निवांत बसू आपण. पानेवाला हो म्हणाला. आमच्याबरोबर दोन खुर्च्या खाली आणून दिल्या आणि निघून गेला.

शनिवारी सकाळी पावणेआठला त्याची बहीण आमच्या दारात आली. हातात शिवायचे कपडे नव्हते. तिला बसवलं, पाणी दिलं. तिनं सांगितलं ते असं. गुरुवार आणि शुक्रवार तो सकाळी सहाला घरातून जात होता आणि रात्री आठाच्या पुढे परत येत होता. डबा तसाच परत. काल कंपनीतून फोन आला, तेव्हा तिला कळलं की हा कामावर नाहीच, त्यानं रजा टाकली आहे. झोपेत काहीतरी बडबडतो, त्यातला 'ब्रेक' एवढाच शब्द कळतो. आणि परवा जेवताना त्यानं तिला विचारलं, ज्याचं मूत्रपिंड गेलंय अशा माणसाची मशीनवरची एक पाळी चुकली तर काय होतं. तिनं विचारलं, कोणाची? तर म्हणाला, पाचव्या मजल्यावरची माणसं. आजही तो सहालाच गेला होता.

"पाळकीणबाई," ती मला म्हणाली, "तो जिवाचं काही करून घेणार नाही ना?"

मी ह्यांच्याकडे पाहिलं. इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता, वरचं बटण लावायचं राहिलं होतं. हात तिथेच थांबला होता.

आता खरं सांगते, मी ह्यांना जायला सांगितलं नाही. मी म्हटलं, सिस्टरना पाठवू, मंडळीतल्या लॉन्ड्रीवाल्या दोघा भावांना पाठवू, तुम्ही थांबा. अध्यक्ष दहाला येतील. दहा वर्षांचं काम आहे, एका सकाळसाठी त्यावर पाणी नका सोडू. मला काळजी होती ती पानेवाल्याची नव्हती, आमची होती.

ह्यांनी बटण तसंच सोडलं. मग म्हणाले, "मी दर वर्षी अहवालात लिहितो, आम्ही हरवलेल्यांच्या शोधात फिरतो. हा स्वतः जिना चढून आला होता गं. आणि मी त्याला शनिवारनंतर ये म्हटलं."

मी चपला घातल्या.

सिस्टर म्हणजे आमच्या मंडळीतल्या निवृत्त नर्स. त्यांना फोन करून सांगितलं, हॉल उघडा, अध्यक्षसाहेब आले की चहा द्या, आम्ही येतोच. 'येतोच' म्हणताना माझाच त्यावर विश्वास नव्हता.

आधी कंपनीच्या ऑफिसात गेलो. काउंटरवरच्या कारकुनानं वहीत पाहून सांगितलं, रजेवर आहे. त्याच्याकडे कुठल्या इमारती आहेत, असं ह्यांनी विचारलं. कारकून म्हणाला, शहरात आमच्या चाळीसच्या वर लिफ्ट आहेत, आणि यादी बाहेरच्यांना देता येत नाही. हे त्याची विनवणी करत राहिले, तो मान हलवत राहिला. भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले होते. आम्ही रस्त्यावर आलो तेव्हा हे एकदम थांबले, कठड्याला हात टेकला आणि म्हणाले, ब्रेक म्हणजे लिफ्टचा ब्रेक. घडलं नाही म्हणजे अजून पडली नाही. तोवर आम्ही एका माणसाला शोधत होतो. आता कुठल्यातरी इमारतीत कुठलीतरी लिफ्ट वरखाली करत होती आणि आतल्या माणसांना काही माहीत नव्हतं.

मशीनवर ठेवतात त्या रुग्णांचं केंद्र पाचव्या मजल्यावर कुठं आहे, हे सिस्टरशिवाय कुणाला विचारणार? पुन्हा फोन लावला. त्या लगेच म्हणाल्या, शहरात दोनच केंद्रं आहेत. एक तळमजल्यावर, दुसरं बाजारातल्या सात मजली इमारतीत. मागून कुणाचा तरी जड आवाज येत होता. सिस्टर आवाज खाली आणून म्हणाल्या, साहेब लवकरच आलेत, पाळक कुठं आहेत म्हणून तीनदा विचारलं, मी तीनदा बिस्किटं पुढे केली. तुम्ही जा.

ती इमारत बाजाराच्या मधोमध होती. खाली औषधाचं दुकान, वर दातांचा दवाखाना, कचेऱ्या, आणि पाचव्यावर ते केंद्र. लिफ्टशेजारच्या भिंतीवर काचेत तपासणीचा कागद लावला होता. तारीख आठ दिवसांपूर्वीची. 'ब्रेक समाधानकारक' या ओळीपुढे बरोबरची खूण, खाली कंपनीचा शिक्का आणि पानेवाल्याची सही. ह्यांनी त्या सहीवर बोट ठेवलं.

तेवढ्यात एक बाई चाकाच्या खुर्चीतून एका म्हाताऱ्याला घेऊन आली. त्याचे पाय सुजलेले, मांडीवर कपड्याची पिशवी. हे पुढे झाले, म्हणाले, ताई, जरा थांबता का, लिफ्टमध्ये काहीतरी बिघाड असावा. बाईनं विचारलं, कोण तुम्ही, लिफ्टवाले? हे म्हणाले, नाही. मग ती म्हणाली, मामंजींची वेळ झालीय, जरा बाजूला व्हा. दार उघडलं, ती दोघं आत गेली, दार मिटलं. खात्री नसताना हे काय बोलणार? वर आकडे उजळत गेले, एक, दोन, तीन, आणि आम्ही दोघं देवळातल्यासारखे मान वर करून ते पाहत राहिलो. पाच उजळल्यावर मी श्वास सोडला.

आम्ही जिन्यानं निघालो. माझे गुडघे असे, की एरवी दोन मजल्यांतच रडतात. भिंतीपलीकडे लिफ्टची घरघर चालू होती. ती वर गेली की मी थांबायची, खाली गेली की थांबायची. हे पुढे जाऊन परत मागे येत होते, माझा हात धरत होते. चौथ्या मजल्यानंतर जळल्यासारखा वास यायला लागला.

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीचं दार उघडंच होतं. पानेवाला एका उलट्या बादलीवर बसला होता. समोर मोटर, मोठं चाक, त्यावरून उतरणारे जाड तारेचे दोर. बाजूला न उघडलेला डबा. त्याचे डोळे लालभडक होते. आम्हाला पाहून तो उठला नाही. नजर ब्रेकवरून हलवायला तयारच नव्हता.

हे जाऊन त्याच्याशेजारी जमिनीवर बसले. पांढऱ्या सदऱ्याला ग्रीस लागलं. तो आपणहून बोलायला लागला. ब्रेकचं लायनिंग, चाकाला दाबून थांबवणारा थर, झिजलंय. नवीन भाग मागवलाय, यायला पंधरा दिवस. सुपरवायझर म्हणाला, एवढ्यानं काही होत नाही, सही कर, नाहीतर लिफ्ट बंद ठेवावी लागेल आणि केंद्रवाले कंपनीच बदलतील. त्यानं सही केली. आणि मग रात्री झोप येईना. लिफ्ट बंद केली तर ती माणसं वर येणार कशी? चालू ठेवली तर? म्हणून केंद्र उघडल्यापासून बंद होईपर्यंत तो इथं बसून होता.

"मी लक्ष ठेवून आहे," तो म्हणाला. "दर तासाला स्प्रिंग एकेक आटा आवळतो."

"किती आटे उरलेत?" ह्यांनी विचारलं.

मोटर सुरू झाली, चाक फिरलं, थांबलं. थांबताना जरासं पुढे सरकलं, ते मलाही दिसलं.

"दोन," तो म्हणाला.

मग तो ह्यांच्याकडे वळला आणि म्हणाला, पाळकसाहेब, तुम्ही प्रार्थना करा. नवा भाग येईपर्यंत हिला काही होऊ नये एवढंच मागा. मी इथून हलत नाही.

हे म्हणाले, "बुधवारी तू आलास तेव्हा मी खुर्च्या लपवत होतो. हॉल भरलेला दिसावा म्हणून. तुझं ऐकून घ्यायला मला वेळ नव्हता. तीन दिवस तू इथं एकटा बसलास, त्यात माझाही वाटा आहे. त्याची मी तुझ्याकडे माफी मागतो."

पाळक आपली माफी मागतोय हे पानेवाल्याच्या डोक्यात शिरत नव्हतं.

"प्रार्थना मी करीन," हे म्हणाले. "पण चालू लिफ्टसाठी नाही करणार. देव तुला माफ करील, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पण खालच्या माणसांच्या वतीनं मला काही सांगता येत नाही. ते त्यांनाच विचारावं लागेल. तू विचारशील, मी शेजारी उभा राहीन."

"माझं लायसन्स जाईल."

"जाईल," हे म्हणाले. खोटा दिलासा त्यांनी दिला नाही. मला वाटलं होतं देतील.

त्यानं दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मोटर पुन्हा सुरू झाली, आणि त्या आवाजानंच तो उठला असावा. मला म्हणाला, वहिनी, तुम्ही पाचव्यावर जाऊन दारापाशी उभ्या राहा, लिफ्ट रिकामी झाली की कुणाला आत शिरू देऊ नका आणि मला हाक मारा. मी कशी उतरले मला आठवत नाही. दार उघडलं, एक नर्स आणि एक रुग्ण बाहेर आले, आणि मी दोन्ही हात पसरून दारात उभी राहिले. हे जिन्यात उभे होते, त्यांनी माझी हाक वर पोचवली. रिकामी लिफ्ट हळूहळू खाली गेली, तळाशी पोचली, आणि आकड्यांचा दिवा विझला.

केंद्राच्या डॉक्टरीणबाई आधी खूप चिडल्या. अकरा माणसं मशीनवर होती, दुपारच्या पाळीची खाली जमायला लागतील. मग पानेवाला बाहेरच्या बाकांवर बसलेल्या नातेवाइकांसमोर जाऊन उभा राहिला. हे त्याच्या शेजारी. म्हणायचं ते त्यानं सगळं म्हटलं. या लिफ्टचा ब्रेक खराब आहे. मला माहीत होतं. चांगला आहे म्हणून मी सही केली.

सासऱ्याला चाकाच्या खुर्चीतून आणणारी ती सून उठून त्याच्यासमोर आली. "आत्ता तासाभरापूर्वी आम्ही हिच्यातूनच वर आलो," ती म्हणाली.

"हो. मी वर होतो."

"तू वर होतास," ती म्हणाली. आणि पाठ फिरवून बाकावर जाऊन बसली. त्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तो नंतर म्हणाला.

आता माणसं उतरवायची कशी? मी सिस्टरना फोन केला. अर्ध्या तासात लॉन्ड्रीवाले दोघे भाऊ आले, टायरच्या दुकानातले तिघं आले, आणि सगळ्यांच्या मागून सिस्टर अध्यक्षसाहेबांना घेऊन आल्या. पाळकांना भेटायचंय ना, मग चला माझ्याबरोबर, असं म्हणून त्यांनी त्यांना उठवलं होतं. दोघांनी पुढून, दोघांनी मागून खुर्ची धरायची, प्रत्येक वळणावर टेकवायची. खालची माणसं वर न्यायची, वरची खाली आणायची. एका आजींना दम लागला तेव्हा सगळा जिना थांबला. सिस्टर नाडी धरून बसल्या होत्या आणि मी देवाला नुसतं नको, नको म्हणत होते, पुढचे शब्दच सुचत नव्हते. आजींनी डोळे उघडले आणि विचारलं, कितवा मजला? अध्यक्षसाहेब कठड्यापाशी त्यांची पिशवी धरून उभे होते. त्यांनी सांगितलं, तिसरा. हे घामानं निथळत समोरून आले तेव्हा साहेबांनी त्यांच्या सदऱ्यावरच्या ग्रीसकडे पाहिलं, आणि कठड्याला सरकून वाट दिली. शेवटचा माणूस खाली पोचला तेव्हा दिवे लागले होते.

सोमवारी सरकारी निरीक्षकानं ब्रेक उघडला. लायनिंग संपून लोखंडाला लोखंड लागत होतं. तो म्हणाला, महिनाभर चालला असता, नाहीतर एकच फेरी. पानेवाल्याची नोकरी गेली, लायसन्स दोन वर्षांसाठी गेलं. सुपरवायझरनं कानावर हात ठेवले, आणि सही त्याची नसल्यामुळे तो सुटला. नवा भाग मात्र पंधरा दिवसांऐवजी नवव्या दिवशी आला. ते नऊ दिवस आमची मंडळी पाळ्या लावून माणसं वरखाली करत होती. पानेवाला रोज पहिल्या खुर्चीपासून शेवटच्यापर्यंत. काही रुग्ण त्याच्याशी बोलायचे, काही तोंड फिरवायचे. ती सून त्याला आपल्या सासऱ्याच्या खुर्चीला हात लावू द्यायची नाही.

दोन महिन्यांनी मुख्य कार्यालयाचं पत्र आलं. अध्यक्षांनी अहवालात त्या शनिवारचं सगळं लिहिलं होतं, चांगले शब्द वापरले होते. पण सरासरी सव्वीस ती सव्वीसच. हॉल सोडावा लागला. काहीजण मोठ्या मंडळीत गेले. बाकीचे आम्ही चौदाजण आता सिस्टरच्या बाहेरच्या खोलीत जमतो. ह्यांचं नाव पाळकांच्या यादीत नाही. सकाळी दोन तास मुलांना गणित शिकवतात, आणि दुपारी पूर्वीसारखेच घरोघर जातात. माझी काळजी काही संपलेली नाही. पुढच्या वर्षी आमचं काय, हे मला माहीत नाही, आणि त्यांना विचारलं तर त्यांनाही माहीत नसतं.

पानेवाला पाण्याचे पंप दुरुस्त करतो. बाप्तिस्मा त्यानं अजून घेतलेला नाही. घ्यायचा तेव्हा घेईन, म्हणतो, आणि हेही घाई करत नाहीत. दर गुरुवारी तो आणि हे त्या म्हाताऱ्याच्या घरी जातात. पहिल्यांदा सुनेनं दार उघडलंच नाही. दुसऱ्यांदा उघडून, ते झोपलेत, एवढं सांगून लावून घेतलं. तिसऱ्या वेळीही तेच. गेल्या गुरुवारी म्हाताऱ्यानं आतूनच विचारलं, कोण आहे गं? ती उंबऱ्यात उभी होती. तिनं मागे वळून पाहिलं, आणि सांगितलं, "ते लिफ्टवाले आलेत." आणि आत काय उत्तर येतंय त्याची वाट बघत ती तिथेच उभी राहिली, दार न लावता.